चहापेक्षा किटली गरम

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममध्ये जोरदार भांडण झालं. रिलीजवरून नाही, अप्रेझलवरूनही नाही. चहावरून.

झालं असं, की तीन वर्षं इंग्लंडात ऑनसाइट राहून परत आलेला आमचा एक मित्र हिंजवडीच्या टपरीवर आमच्याबरोबर आला. कटिंग हातात घेतलं, एक घोट मारला आणि म्हणाला, "यार, आपण लोक चहा पीतच नाही. आपण चहाच्या रंगाचं गोड दूध पितो."

मग काय विचारता! कोल्हापूरच्या पोरीने सांगितलं की तिच्या घरी चहात पाण्याचा थेंब पडला तरी आजी ओरडते. मुंबईकराने इराण्याची 'पानी कम' काढली आणि ब्रून मस्का बुडवल्याशिवाय चहाला अर्थच नाही असा निकाल दिला. सदाशिव पेठेने अमृततुल्याचं पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेली वेलची आणि फडक्यातून गाळणं यावर छोटंसं प्रवचन दिलं. कोकणातल्याला गवती चहाची पात हवी. एकाला आलं चालतं, पण वेलची घातली की त्याला बासुंदी प्यायल्यासारखं वाटतं. एक जण गेले सहा महिने ग्रीन टी पितोय. तो पिशवी कपात टाकून मीटिंगला जातो आणि तासाभराने येऊन ते कडू पाणी औषधासारखं घोटतो. आणि आमचे मॅनेजर, वय वर्षं बेचाळीस, अजूनही चहा बशीत ओतून फुंकर मारून पितात. फक्त क्लायंट असला की पीत नाहीत.

चाळीस मिनिटं भांडलो आम्ही. चाळीस! इतका वेळ आम्ही कधी डिझाइन रिव्ह्यूला दिलेला नाही.

घरी आलो ते डोक्यात शब्द घेऊनच. म्हटलं, या वीकेंडला 'खरा चहा'वाल्यांची बिनपाण्याने करायची. रात्रीच लिहायला बसलो आणि अर्धा लेख लिहूनही काढला. तो अर्धा आधी वाचा. उरलेला अर्धा शनिवारी सकाळी बदलला. का, ते पुढे येईलच.

तर, 'खरा चहा'.

चहाचं चक्क आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. आयएसओ ३१०३, सन १९८०. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं मुरवायची, भांडं चिनी मातीचं, दुधाबद्दलचे नियम वेगळे. ज्या ब्रिटिश स्टँडर्डवरून हे आलं, त्या सहा पानी कागदाला १९९९ मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. आता 'बघा, म्हणजे चहाची योग्य पद्धत असते तर!' असं कुणी म्हणण्याआधी ते स्टँडर्ड कशासाठी आहे ते वाचा. ते चांगला चहा करण्यासाठी नाहीच. चहाची चव तपासणाऱ्यांना दोन नमुने एकाच मापाने तोलता यावेत म्हणून आहे. म्हणजे ते टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे, प्रॉडक्शन नाही. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये कुणी राहायला जातं का?

जॉर्ज ऑरवेलने १९४६ मध्ये चहाचे अकरा नियम लिहिले आणि शेवटच्या नियमात साखर घालणाऱ्यांना झापलं. मोठा लेखक, मान्य. पण मोठ्या लेखकाचं तोंड त्याचं, माझं तोंड माझं.

आणि आपल्या धंद्यातलं एक. १ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीचं भांडं नेटवर्कवरून कसं चालवायचं याचा एक गमतीचा प्रोटोकॉल लिहिला. आरएफसी २३२४. त्यात किटलीला कॉफी करायला सांगितली, तर तिने एरर ४१८ द्यायची: 'मी किटली आहे.' माझा ऑनसाइट मित्र नेमकं हेच करतो. त्याला आल्याचा चहा पुढे केला, की तो चव सांगत नाही, स्वतः कोण आहे ते सांगतो.

बरं, हा 'खरा चहा' आला कुठून? आसामात चहाचं झाड रॉबर्ट ब्रूसच्या नजरेला पडलं ते १८२३ मध्ये. तिथला पहिला चहा लंडनला रवाना झाला १८३८ मध्ये. पुढची कित्येक दशकं हा माल बाहेर विकायला होता. आपण तो प्यावा असं मळेवाल्यांना वाटायला लागलं ते बरंच नंतर. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर सेस बसवला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे माणसं नेमून, स्टॉल लावून, फुकट कप वाटून देशभर लोकांना चहा शिकवला गेला. आणि शिकवणाऱ्यांची तक्रार काय होती? तर हे लोक पत्ती कमी आणि दूध-मसाला जास्त घालतात! तक्रार साहजिक होती. मसाला वाढला की पत्ती कमी खपते. म्हणजे मित्रा, ज्याला तू परंपरा म्हणतोस ती सेल्स टीमची गाइडलाइन होती, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. मला तर अभिमानच वाटतो.

शिवाय त्यांचं चुकलं काहीच नाही. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. पान चिरडायचं, फाडायचं, वळवायचं. त्याची ती बारीक गोळी दोन मिनिटांत रंग सोडते, कडकपणा सोडते आणि तुरटपणाही सोडते. तो तुरटपणा दुधातली प्रथिनं बांधून घेतात, म्हणून ती पत्ती दुधात उकळली तरी चहा जिभेला टोचत नाही. दार्जिलिंगचं अख्खं पान असंच उकळलंत तर त्याचा वास जाईल आणि पैसेही. सीटीसी न उकळता नुसती किटलीत बुडवून ठेवलीत तर तीही धड लागत नाही. ज्याची त्याची प्रकृती. ग्रीन टीवर उकळतं पाणी ओतू नका, जरा निवू द्या, कडू होणार नाही. आणि आलं दुधात टाकू नका, पाण्याच्या आधणात टाकून चांगलं उकळा, मग दूध घाला. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं. रविवारी सकाळी नासलेल्या चहावरून होणारी भांडणं यामुळे वाचतील. :)

सारांश काय, तर चहा कसा प्यावा याचा एकच नियम: पिणाऱ्याला आवडेल तसा. समोरच्याला विचारावं, 'कसा घेणार?' आणि तो सांगेल तसा द्यावा. बास. चहा करण्याची यापलीकडे कुठलीही संस्कृती नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवर भलताच खूश होऊन झोपलो.

शनिवारी सकाळी साडेआठला मावशी आल्या. मावशी चार वर्षं आमच्याकडे काम करतात. भांडी, फरशी, आणि बायकोची शिफ्ट असली की पोळ्याही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला धरून बाथरूमपर्यंत नेणाऱ्या त्याच होत्या. मी चहाच टाकत होतो. डोक्यात रात्रीचं वाक्य ताजं होतं, म्हणून सहज विचारलं, "मावशी, तुम्ही चहा कसा घेता?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "कसा म्हणजे? तुम्ही करता तसा."

"तसं नाही. तुम्हाला कसा आवडतो?"

जरा थांबून म्हणाल्या, "मला कोरा लागतो दादा. आलं टाकून. बिनसाखरेचा. मला शुगर निघालीय ना, दोन वर्षं झाली."

दोन वर्षं! दोन वर्षं आम्ही या बाईला रोज सकाळी दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा पाजतोय. वर, 'आमच्याकडे मावशींना घरच्यासारखंच वागवतात' हे चारचौघांत सांगतोय. आईची शुगर १४० च्या वर गेली की मी ऑफिसातून फोन करतो. पाहुण्यांना 'साखर किती?' हे दारातच विचारतो. मावशींना मात्र चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. "तुम्ही सांगितलं का नाही?" असं मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं की हा प्रश्न किती निर्लज्ज आहे. त्या म्हणाल्या, "चहासाठी काय सांगायचं?"

मी कोरा चहा केला. आणि आमच्या नेहमीच्या कपांतला, त्या निळ्या काठाच्या सेटमधला एक कप घेऊन त्यात ओतून त्यांना दिला.

मावशींनी कप घेतला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिच्याकडे बघितलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला त्यांचा स्टीलचा पेला उचलला, त्यात चहा ओतला आणि आमचा कप लगेच विसळून जागेवर ठेवला. एक शब्द नाही. कुणीच एक शब्द बोललं नाही.

तो पेला मी चार वर्षं बघतोय. तो आमच्या मांडणीत नसतो, खिडकीत असतो. त्याला कुणी काही नाव दिलेलं नाही, पण चुकून त्यात कुणी पाणी पीत नाही. तुमच्याही घरी असेल. पेला नसेल तर कान तुटलेला कप असेल, किंवा एका कंपनीने डिटर्जंटबरोबर फुकट दिलेला मग असेल. आठवून बघा. आठवलं ना?

आता मी जे बोलणार आहे ते आईशी शनिवारी दुपारी बोललो आहे, आणि हरलो आहे. त्यामुळे इथे बोलतो.

पहिला मुद्दा येतो हायजीनचा. 'अरे, ती चार घरी काम करते.' ठीक. ज्या हातांनी मळलेल्या कणकेच्या पोळ्या आपण खातो आणि ज्या हातांनी आपले सगळे कप घासले जातात, त्याच हातांत तो कप चहासकट गेला की अस्वच्छ होतो? आणि हिंजवडीच्या टपरीवर हायजीन कुठे जातं? तिथे कुणी प्यायलेला काचेचा ग्लास एका बादलीत बुचकळून आपल्या हातात येतो. बादलीतल्या पाण्याचा रंग चहाइतकाच कडक असतो. तो ग्लास आपण 'काय फ्लेवर आहे यार' म्हणून फोटो काढून ओठाला लावतो. म्हणजे अनोळखी हजार माणसांची उष्टी आपल्याला चालतात, ओळखीच्या एका बाईचं चालत नाही. २०२० मध्ये सगळ्यांनीच भांडी वेगळी केली होती, ते समजू शकतो. पण खिडकीतला पेला करोनाने आणलेला नव्हता. तो आधीपासून होता.

दुसरा मुद्दा: 'आम्ही जातबीत मानत नाही. मावशींची जात आम्ही कधी विचारलेलीही नाही.' खरं आहे. मीही विचारलेली नाही. जात न विचारता कप वेगळा ठेवता येतो, ही आमच्या पिढीची प्रगती.

पुण्यात हे चहापासूनच सुरू झालंय, आणि मजा म्हणजे शाळेत आपण ते गंमत म्हणून ऐकलेलं असतं. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावलं. रानडे होते, टिळक होते. नंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला मंडळ बसलं, आणि प्रकरण दोन वर्षं चाललं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. न्यायमूर्ती आणि केसरीकर, दोघेही एका कपापायी! रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हे सगळं आहे, जरूर वाचा.

त्या भानगडीत चहा दार्जिलिंगचा होता की आसामचा, दूध आधी की नंतर, साखर किती, हे कुणी विचारलं का? नाही. चहाला कुणाचा आक्षेप नव्हता. कप कुणाच्या हातून आला, एवढाच प्रश्न होता. आज आपण उलट केलंय. चहाबद्दल चाळीस मिनिटं भांडायचं, आणि कपाबद्दल गप्प बसायचं.

१९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात सार्वजनिक हॉटेलातल्या भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला अडवलं तर गुन्हा. देशाच्या संसदेला कपबशीसाठी कलम लिहावं लागलं, यावरून कपबशी किती साधी वस्तू आहे ते कळतं. हॉटेलमालकासाठी निदान कलम आहे. आपल्या खिडकीतल्या पेल्यासाठी आपल्याला शरमच पुरायला हवी, आणि ती आपण रोज विसळून पालथी घालतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात चलाख: 'तिलाच तसं बरं वाटतं. बघितलंस ना, तिनेच पेल्यात ओतला.' हो, बघितलं. दारात उभ्या असलेल्या मालकिणीकडे बघून ओतला, तेही बघितलं. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. युजर डिफॉल्ट बदलत नाही, याचा अर्थ त्याला ते आवडतं असा होत नाही. बऱ्याचदा त्याला एवढंच माहीत असतं, की बदलायला गेलं तर काहीतरी बिघडेल. इथे बिघडणार ते महिन्याचा पगार. आमच्या घरचं काम सुटलं तर त्यांच्या घरी काय सुटेल, हे मी हिशेबाने सांगू शकतो, कारण तो पगार मीच ट्रान्सफर करतो.

चौथा: 'आम्ही चहा तरी देतो, बाकीचे तेही देत नाहीत.' याला मी उत्तर देणार नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, उत्तर तुम्हालाच ऐकू येईल.

आणि हे फक्त आईच्या पिढीचं आहे असं म्हणून सुटायचं नाही. पँट्रीत मशीनमध्ये दूध भरणारा मुलगा कुठे चहा पितो, ते मी आत्तापर्यंत बघितलं नव्हतं. शुक्रवारचं आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं. जिन्याखाली, कागदी कपात, उभ्याने. क्लायंट आला की तोच ट्रे घेऊन येतो आणि प्रत्येकाला वाकून विचारतो, 'सर, शुगर?' त्याला नाव आहे, आयडी कार्डावर लिहिलेलंही आहे. अकरा जणांच्या टीमला एकमेकांचा चहा पाठ आहे. त्याचा कुणाला माहीत आहे?

म्हणून शुक्रवारी रात्रीचा माझा सिद्धांत दुरुस्त करतो. 'चहा पिणाऱ्याला आवडेल तसा' हा नियम बरोबरच आहे, फक्त अर्धा आहे. आवड ही माणसाला जन्मतः असते, पण ती विचारली जाते फक्त आपण बरोबरीच्या मानलेल्या माणसाला. बाकीच्यांना आपण 'चहा देतो'. ज्याला तुम्ही 'कसा घेणार?' असं कधीच विचारलं नाही, त्याला तुम्ही पाहुणचार केलेला नाही, रतीब घातलाय.

आपल्याकडे म्हण आहे, चहापेक्षा किटली गरम. शुक्रवारी ती मला माझ्या ऑनसाइट मित्रासाठी सुचली होती. शनिवारी तीच मलाच लागू पडली. पत्ती, आलं, आयएसओ, आरएफसी, सगळं तापून लाल. आणि ज्या हातात कप द्यायचा तो हात चार वर्षं दिसला नाही.

काय करणार आहे मी? फार काही नाही. पेला फेकून देऊन भाषण करण्यात अर्थ नाही. त्याचा त्रास मावशींनाच होईल. आईशी पुन्हा बोलणार आहे, यावेळी आवाज न चढवता. तिचाही एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणाली, "चार वर्षं तूच त्या पेल्यात तिला चहा ओतून देत होतास. आज एका दिवसात माझी चूक झाली का?" नाही. ती चूक माझीही आहे, आणि माझ्याकडे तर तिच्याइतकी सबबही नाही.

एक गोष्ट मात्र आज सकाळी केली. रविवारी मावशी येत नाहीत. खिडकीतला तो स्टीलचा पेला घेतला, त्यात माझा चहा ओतला, दूध-साखर-आलं नेहमीसारखं, आणि आईसमोर बसून प्यायलो. पेल्याला कान नसतो, बोटं चांगलीच भाजतात. चार वर्षं हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पिऊन झाल्यावर पेला घासला आणि मांडणीत, बाकीच्या कपांच्या ओळीत ठेवला. आई काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत तरी तो तिथेच आहे.

उद्या साडेआठला कोरा चहा टाकायचाय. आलं घालून, बिनसाखरेचा.